राजम्माचा ग्राफ

मी नेमकं काय काम करते, हे माझ्या सख्ख्या जावेला अजून कळलेलं नाही. पाहुण्यांपुढे ती सांगते, "आमच्या सुमनबाई फोटोच्या कॉम्प्युटरमधलं कायतरी हरवलेलं शोधून देत्यात." सुरुवातीला मी तिला दुरुस्त करत असे. आता करत नाही, कारण नीट विचार केला तर तिचं बरोबरच आहे.

सांगते कसं ते. फोटो कापायचं, जोडायचं, उजळवायचं जे मोठं सॉफ्टवेअर असतं, ते शिलाई मशीनसारखं समजा. मशीन सरळ शिवण घालतं. पण पिको करायचा असेल किंवा काज करायचं असेल तर त्याला वेगळा पाय बसवावा लागतो, आणि तो पाय मशीनवाल्या कंपनीचाच असेल असं नाही. सॉफ्टवेअरला बाहेरून बसवायच्या अशा पायांना प्लगिन म्हणतात. एक प्लगिन चेहऱ्यावरचे डाग पुसतं, एक नवरीचे भुरभुरणारे केस अलगद कापून वेगळे करतं, एक अल्बमची पानं लावून देतं. आणि चादरी-टॉवेलांच्या आमच्या सोलापुरात फोटोचा मागावर विणता येईल असा ग्राफ काढून देणारं प्लगिनही असतं. मूळ मशीनची नवी आवृत्ती आली की जुने पाय बसेनासे होतात. मेन्यूतलं नाव गायब होतं आणि माझा फोन वाजतो.

फोनवर प्रत्येक गिऱ्हाईक दोन वाक्यं बोलतंच. "काल चालत होतं" आणि "मी कायबी केलं न्हाई." पहिलं वाक्य बहुतेक वेळा खरं असतं. दुसऱ्यावर मी आजवर विश्वास ठेवलेला नाही, आणि त्यात माझं कधी नुकसान झालं नाही.

दुधनीच्या एका स्टुडिओवाल्यांचंच बघा. दसरा होऊन दोन दिवस झाले होते, लग्नसराई तोंडावर आली होती आणि त्यांचं अल्बमचं प्लगिन उघडेना. "मॅडम, बरवल्दु री!" फोन उचलताच आवाज. घरात कानडी, शाळा मराठी, त्यामुळे हे गृहस्थ घाबरले की आधी कानडी बाहेर पडतं. येईना हो, एवढाच त्याचा अर्थ. फोनवरून हे दाबा, ते दाबा करून झालं. शेवटी मी एसटीत बसले आणि दुधनीला गेले. कॉम्प्युटरवर झेंडूची माळ सुकून लोंबत होती, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

त्या प्लगिनला कुलूप होतं. म्हणजे त्याच्यासोबत पेनड्राइव्हसारखी दिसणारी एक किल्ली मिळते. ती कॉम्प्युटरच्या मागे खोचलेली असेल तरच प्लगिन उघडतं. मी मागे हात घालून चाचपलं तर तिथं काहीच नाही. "इथली किल्ली कुठाय?" असं विचारल्यावर मालक छताकडे बघायला लागले. उत्तर आतून त्यांच्या पत्नीने दिलं, "ती देवात हाय की."

झालं होतं असं, की खंडेनवमीला यांनी कॅमेरे, लेन्सा, दिवे, सगळी हत्यारं पाटावर मांडून पूजली. सगळ्यांत महाग वस्तू कोणती, तर ही बोटभर किल्ली. म्हणून मान तिचा. तिला ताम्हनात सुपारीशेजारी जागा मिळाली. दसऱ्याला बाकीची हत्यारं उठली आणि कामाला लागली. ही मात्र देव्हाऱ्यातच राहिली. तिच्या तोंडात हळदकुंकू गच्च बसलं होतं. कोरड्या ब्रशने मी तासभर ते कोरून काढलं. प्लगिन उघडल्यावर मालक म्हणाले, "पण मॅडम, मी खरंच कायबी केलं नव्हतं." मी म्हटलं, "पूजा केली की!" मग कडक भाकरी, शेंगाचटणी आणि घट्ट दही खाऊन परतीची गाडी धरली.

सगळीच कामं इतकी सोपी नसतात. एकेका कॉम्प्युटरवर वीस-पंचवीस प्लगिनं असतात. मित्राने दिलेली, फुकट मिळालेली, कशासाठी घेतली तेही विसरलेली. त्यातलं एक बिघडलं की सगळं सॉफ्टवेअर अडून बसतं. तेव्हा मी वडिलांची रीत वापरते. माझं माहेर सांगोल्याकडचं, मेंढरांचं. कळपातलं एखादं मेंढरू खोकायला लागलं आणि ते कोणतं ते कळेना, की आबा कळपाचे दोन भाग करून मध्ये जाळी लावायचे आणि गप्प बसून ऐकायचे. ज्या भागातून खोकला येई, त्याचे पुन्हा दोन भाग. चार-पाच वेळा असं केलं की आजारी मेंढरू हातात. मीही तेच करते. अर्धी प्लगिनं बाहेर काढते, सॉफ्टवेअर उघडून बघते, आणि मग उरलेल्यांची पुन्हा अर्धी. शिकलेली मुलं मला विचारतात की ही पद्धत कुठल्या कोर्समध्ये शिकवतात. मी सांगते, सांगोल्याच्या माळावर.

मुळात मी ग्राफवाली. चादरीच्या कारखान्यात आम्ही तिघी चौकटीच्या कागदावर नक्षी काढायचो. एक चौकट म्हणजे उभ्या-आडव्या दोऱ्याची एक गाठभेट. कोणता दोरा वर राहणार ते रंगवून दाखवायचं. त्यावरून जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची. त्यांना पत्ते म्हणतात. पत्त्यांची लांब माळ मागावर चढली की भोकांप्रमाणे दोरे उचलले जातात आणि कापडात नक्षी उतरते. एखाद्या माणसाचा चेहरा काढायचा तर आम्हाला महिना लागायचा. मग मालकांनी कॉम्प्युटर आणला, त्यात ग्राफचं प्लगिन बसवलं, आणि ते काम सकाळच्या चहापासून दुसऱ्या चहापर्यंत व्हायला लागलं. तिघींतल्या दोघींना घरी बसवलं. मला ठेवलं, कारण प्लगिन अडलं तेव्हा मी दोनदा ते चालू करून दाखवलं होतं. त्या दोघी भाजी मंडईत भेटल्या की आजही छान बोलतात. मलाच आत काहीतरी टोचतं आणि मी उगाच त्यांच्या नातवंडांची जास्त चौकशी करत राहते.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले त्याच्याकडे येते. त्याच कारखान्यात व्यंकय्या नावाचा विणकर होता. भवानी पेठेत राहणारा, तेलुगू घरातला, माझ्यापेक्षा आठेक वर्षांनी मोठा. मी त्याला अण्णा म्हणते. माझ्या ग्राफला नावं ठेवणं हा त्याचा आवडता उद्योग. "सुमनबाई, हे मोर हाय का कोंबडं?" असं सगळ्यांसमोर विचारायचा. पण चूक काढायचा ती नेमकी असायची. कारखाना बंद झाल्यावर त्याने घरातल्या पुढच्या खोलीत हातमाग टाकला आणि भिंतीवर लावायच्या तसबिरी विणायला लागला. देवांच्या, पुढाऱ्यांच्या, कुणाच्या आजोबांच्या.

तीनेक वर्षांपूर्वी तो माझ्या घरी आला. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "राजम्माची तसबीर विणायची हाय. तुमी ग्राफ काढा."

राजम्मा त्याची बायको. ती जाऊन वीस वर्षं झाली होती. गेली तेव्हा ती चाळिशीतही नव्हती. मुलगी पद्मा त्या वेळी शाळेत होती. आता पद्मा कुर्डुवाडीला असते. नवरा रेल्वेत आहे आणि त्यांनी तिथं स्वतःचं घर बांधलं होतं. पुढं होणाऱ्या वास्तुशांतीसाठी तिने बापाकडे एकच गोष्ट मागितली होती, की घरात शिरल्या-शिरल्या समोर अम्मा दिसली पाहिजे, आणि ती नान्नाच्या, म्हणजे बापाच्याच, हातची पाहिजे.

"डोळ्याला मोतीबिंदू झालाय," अण्णा म्हणाला. "ह्या तसबिरीनंतर माग उतरवणार. शेवटलंच काम हाय बाई, चुकू नका."

राजम्माचा फोटो जगात एकच होता, कुठल्याशा ओळखपत्रावरचा, अंगठ्याएवढा. डोक्यावरून पदर, दोन्ही खांदे झाकलेले, मधे चेहरा आणि कपाळावरचे केस एवढंच. ते ओळखपत्र अण्णा खिशातून बाहेर काढून कुणाच्या हातात द्यायला तयार नव्हता. गल्लीतल्या स्टुडिओत स्वतः उभं राहून त्याने त्यावरचा नुसता फोटो स्कॅन करून घेतला, ओळखपत्र पुन्हा खिशात ठेवलं आणि स्कॅनची फाइल तेवढी माझ्याकडे पाठवली.

ग्राफ काढायला मी पत्ते पाडणाऱ्या ओळखीच्या दुकानात गेले, तर तिथं रडारड. त्यांच्या सॉफ्टवेअरने आपणहून नवी आवृत्ती घेतली होती आणि ग्राफचं प्लगिन मेन्यूतून गायब. "काल चालत होतं," मालक म्हणाले. पुढचं वाक्य यायच्या आत मी खुर्ची ओढली. प्लगिन तयार करणारा माणूस दक्षिणेत कुठंतरी असायचा. त्याचा नंबर लागत नव्हता. म्हणजे जे काय करायचं ते माझं मलाच.

दोन दिवस मी तिथं बसले. आबांच्या रीतीने अर्धी-अर्धी करत गेले तेव्हा दोन गोष्टी सापडल्या. नवी आवृत्ती प्लगिनं वेगळ्याच फोल्डरमध्ये शोधत होती, हे एक. दुसरं म्हणजे चेहरे गोरे करणारं एक फुकटचं प्लगिन कुणीतरी घालून ठेवलं होतं, आणि ते उघडताना ग्राफच्या प्लगिनला बाहेर ढकलत होतं. त्या गोऱ्या करणाऱ्याला मी हाकललं, ग्राफचं प्लगिन नव्या जागी नेऊन ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मेन्यूत त्याचं नाव परत दिसलं. दुकानातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग राजम्माचा फोटो उघडला. चेहरा पडदाभर मोठा केला आणि माझी नजर नाकावर अडली. चमकी उजव्या नाकपुडीत होती.

मला वाटलं, प्लगिनने चित्र उलटं केलं. आरशात दिसतं तसं. मी अक्षरं घालून तपासलं, तर अक्षरं सुलटी. म्हणजे प्लगिन ठीक. मग मूळ स्कॅनच बघितलं, त्यातही चमकी उजवीकडेच. तेव्हा मी निकाल लावला की चूक स्टुडिओवाल्याची. अल्बमवाले लोक फोटो सर्रास उलटवतात, नवरा-नवरीची तोंडं एकमेकांकडे यावीत म्हणून. हात बसलेला असतो. यानेही तेच केलं असणार. कारण नाक डाव्या बाजूला टोचतात. माझं डावीकडे, माझ्या आईचं डावीकडे, जावेचं डावीकडे. एक बटण दाबून मी राजम्माला उलटवलं. चमकी डावीकडे आली. किती बारीक चूक पकडली म्हणून मी दुकानदाराला बोलावून ती दाखवलीसुद्धा.

अण्णाला एक फोन करून विचारायचं होतं. तेवढं सोडून मी सगळं केलं.

पत्ते तयार झाले. हजारावर पत्त्यांची ती माळ अण्णाने स्वतः ओवली आणि मागावर चढवली. डोळ्यांमुळे तो सावकाश विणत होता, दिवसाला चार-पाच बोटं. हनुवटीकडून सुरुवात करून वर कपाळाकडे. एक-दोनदा मी बघायला गेले. इथं मागाची एक गोष्ट सांगायला हवी. अण्णाच्या मागावर कापड पालथं विणलं जातं. सुलटी बाजू जमिनीकडे आणि पाठ विणकराकडे. त्यामुळे विणणाऱ्याला चित्र नेहमी आरशातल्यासारखं दिसतं. शिवाय तसबिरीचं कापड दोन दोऱ्यांचं असतं, काळ्या आणि पांढऱ्या. सुलट्या बाजूला जिथं काळा दोरा वर येतो, तिथं पाठीवर पांढरा. म्हणजे विणकराला काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं दिसतं. त्यांना त्याची सवय असते. मला मात्र पाठ बघून कधी काही उमगलेलं नाही. मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा डोळ्यांपर्यंत काम आलं होतं. "कशी येतेय?" मी विचारलं. धोटा हातात तसाच धरून अण्णा म्हणाला, "लई बरोबर येतीया." एवढ्या वर्षांत त्याने माझ्या ग्राफला चांगलं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. चालत घरी येईपर्यंत मी हसत होते.

तसबीर उतरवायच्या दिवशी पद्मा कुर्डुवाडीहून सकाळच्या गाडीने आली. मलाही बोलावलं होतं. अण्णाने कात्रीने कापड सोडवलं, दोन्ही हातांवर तोललं, उलटं केलं आणि खाटेवर पसरलं. काळेभोर केस, उजळ चेहरा, थोडे मोठे डोळे. इतकी सुबक तसबीर त्याच्या हातून मी पाहिली नव्हती. पद्मा वाकून बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी येईल म्हणून मी वाट बघत होते. पण तिच्या कपाळावर आठी आली.

"नान्ना," ती म्हणाली, "ही अम्माच हाय. पण अम्मा न्हाई बी."

तिने स्वतःच्या नाकाला हात लावला. मग तसबिरीतल्या नाकाला. मला तेव्हा कळलं. पद्माची चमकीही उजवीकडे होती. ती मघापासून माझ्यासमोर उभी होती आणि मी बघितलं नव्हतं.

"आमच्यात उजव्या बाजूला टोचत्यात, मावशी," पद्मा हळूच म्हणाली.

मी सगळं सांगून टाकलं. स्कॅन बरोबर होतं, प्लगिन बरोबर होतं, स्टुडिओवाला बिचारा बरोबर होता, आणि मी शहाणपणा केला. सांगताना मला आणखी एक गोष्ट आठवली आणि मी जास्तच शरमले. राजम्मा कारखान्याच्या फाटकावर रोज अण्णाचा डबा घेऊन यायची. मी कितीतरी वर्षं तिला बघत होते, तिच्याशी बोलत होते. "जेवलात का बाई?" असं ती विचारायची. नुसतं चांगलं बघितलं असतं तरी तिची चमकी कुठं असते ते मला ठाऊक असतं.

"अण्णा, मी उद्याच नवा ग्राफ काढते," मी म्हटलं. "पत्ते नव्याने पाडून घेते. तुम्हाला परत बसायला लागेल, ते मात्र..."

अण्णा शांतपणे खाटेच्या कडेला बसला होता. "नवा ग्राफ कशाला? उभ्या दोऱ्यांचा ताणा हाय की मागावर, आणखी एका तसबिरीपुरता. एखादी बिघडली तर आसावा म्हणून जास्तच घेत आसतोय. पत्ते सोडतो आन पालथे करून वोवतो. आपसूक सुलटी येतीया."

पत्त्यांची माळ पालथी केली की चित्र उलटतं, हे खरंच आहे. मलाही ते ठाऊक होतं, फक्त धास्तीत सुचलं नाही. हायसं वाटलं. वास्तुशांतीला अजून महिना होता. पद्माचाही चेहरा उजळला. पण मग माझ्या डोक्यात आलं, की एवढं सोपं होतं तर हे आधी का नाही केलं? जन्मभर उलटं चित्र बघून विणणारा हा माणूस. मागावर उजवीकडचं डावीकडे दिसलं पाहिजे, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. राजम्माची चमकी मागावर तिच्या खऱ्या जागी दिसत होती, म्हणजे कापडावर ती चुकणार, हे त्याला समजलं नसेल?

"अण्णा, तुम्हाला कधी कळलं?"

"नाक आलं तवाच. सातव्या दिशी."

"मग थांबवलं का नाही? तेव्हाच पत्ते पालथे घालायचे!"

त्याने पद्माकडे बघितलं, मग माझ्याकडे. खाटेवरची तसबीर उचलली आणि पुन्हा पालथी टाकली. पाठ वर.

"हितनं बघा," तो म्हणाला. "आजपातूर कवाच कुनाचं तोंड मला सुलटं दिसलं न्हाई. देव विणला तरी उलटा, पुढारी विणला तरी उलटा. ही एकटीच सुलटी आली. रोज सकाळी कापडावरचं फडकं काढलं की माझ्याकडं बघत बसलेली. मग कसा थांबू की, बाई?" त्याने पाठीवरून हात फिरवला. "आन हे बघा."

मी वाकले, पद्माही वाकली. पाठीवर दोरे पालटले होते. सुलट्या बाजूचा उजळ चेहरा इकडे सावळा होता, आणि राजम्मा होतीच सावळी. चमकी उजव्या नाकपुडीत. आणि केस, सुलट्या बाजूचे ते काळेभोर केस, इकडे पांढरे शुभ्र झाले होते.

"माझ्यासंगं म्हातारी झाली आसती," अण्णा म्हणाला, "तर आशीच दिसली आसती की न्हाई?"

पद्मा तिथंच रडली, मोकळेपणाने, बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून. मलाही आवरलं नाही. आम्ही तिघंही त्या पाठीकडे बराच वेळ बघत बसलो. चहा कुणी केला ते आठवत नाही, पण प्यायलो.

अण्णाने पत्ते पालथे घालून दुसरी तसबीर विणली. ती कुर्डुवाडीच्या घरात दारासमोर आहे. काळ्या केसांची, सुलट्या बाजूची, चमकी जागच्या जागी. वास्तुशांतीला आलेल्या बायका तिच्यापुढे हात जोडत होत्या आणि पद्मा प्रत्येकीला सांगत होती की ही माझी अम्मा. पहिली तसबीर भवानी पेठेत, मागासमोरच्या भिंतीवर आहे, पाठ पुढे करून. येणारे-जाणारे सांगतात, "अण्णा, उलटी लावलीय." तो मान हलवतो आणि विणत राहतो.

विणत राहतो, कारण माग उतरलाच नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि चारच दिवसांत तो माझ्या दारात हजर. हातात पिशवी, अंगात इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली.

"माझा फोटो काढा," तो म्हणाला. "ग्राफ करायचाय."

"आता तुमचा कुणाला पाहिजे?"

"तिच्या शेजारी लावायचा हाय. तिची पाठ, माझी सुलटी बाजू. म्हंजी दोघांचं केस पांढरं." आणि मग मोर आणि कोंबड्याच्या जुन्या सुरात म्हणाला, "ह्या खेपेला नीट बघून करा."

मी त्याला खिडकीपाशी उजेडात बसवलं. मोबाइल बाजूला ठेवला आणि आधी नुसतंच बघितलं. त्याच्या उजव्या भुवईच्या मधोमध एक जुना व्रण आहे, केस न उगवलेला, तिरपा. विचारलं तर म्हणाला, कारखान्यात लागलेला, मी तिथं आले त्याच वर्षी. मी वहीत लिहून घेतलं, उजवी भुवई, आणि मग फोटो काढला.